आजची खळ आजच

पितृपंधरवड्याला कुणी ऋतू म्हणत नाही. गणपती गेलेले असतात, नवरात्र यायचं असतं, आणि मधले पंधरा दिवस लोक कसेबसे ढकलतात. नवी साडी नको, फ्रीज नको, लग्नाची बोलणी तर नकोतच. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात दुकानदार पंख्याखाली माश्या मारत बसतात. मला मात्र वर्षातले हेच पंधरा दिवस सगळ्यांत जास्त आवडतात, आणि हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा विचित्र नजरेनं बघतो. बघू दे. दिवाळीची मिठाई ज्या खोक्यांतून घरोघर जाते ते खोके पितृपंधरवड्यात तयार होतात, आणि माझं सगळं आयुष्य खोक्यांत गेलं आहे.

यंदाही पंधरवडा लागला तसं ते ऊन आलं. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण दुपारी दोन तास असं काही तापतं की भिंती वाफ सोडतात. बदलापूरला शिरगावात आमची इमारत आहे. तिच्या गच्चीवर त्या उन्हात मी कपडे वाळत घालत होते, आणि नाकाला खळीचा वास आला. आमच्या इमारतीत खळ कोण शिजवणार? खाली कुणीतरी भाताची पेज उतू घालवली असणार. पण वास नाकात शिरला तो शिरलाच, आणि ओला टॉवेल हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

आम्ही तेव्हा कॅम्प दोनमध्ये बराकीतल्या एका खोलीत राहायचो. सगळी बराक सिंध्यांची, मराठी घर आमचं एकच. आई बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, भात लावणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिला शेजारणीचं अक्षर कळत नव्हतं. मग एकदा आईनं केलेली तांदळाची भाकरी खाऊन शेजारीण म्हणाली, "सुठो आहे." सुठो म्हणजे चांगलं, हे आईला नंतर कळलं. पण त्यातलं 'आहे' तिला तिथल्या तिथे सापडलं. "अगं, ह्यांचं आहे आणि आपलं आहे एकच आहे," असं ती पुढे जन्मभर सांगायची आणि स्वतःच हसायची. आमच्या घरात तेव्हापासून चांगल्याला सुठो हाच शब्द. भाजी सुठो, निकाल सुठो, जावईसुद्धा सुठो.

मागच्या गल्लीत लछूशेठची खोके बनवायची शेड होती. पंधरवड्यात तिथलं काम मावायचं नाही, म्हणून कापलेला पुठ्ठा घरोघर यायचा. आईच्या वाट्याला कोपरे. खोक्याचे चार आणि झाकणाचे चार, उभे करून त्यांवर कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची. ती पट्टीही वेगळी आणायची नाही. पुठ्ठ्यावर लावायचा लाल कागद कापताना जी कतरन उरायची, तीच पट्टी. वाळलेला खोका आई डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या अंगठ्यानं प्रत्येक कोपरा आतून दाबून बघायची. उकलला नाही तर म्हणायची, "सुठो." उकलला तर पुन्हा पट्टी उचलायची.

सकाळी आमच्याकडे दोन स्टोव्ह पेटायचे. एकावर खीर, वडे, गवारीची भाजी, ज्याची तिथी असेल त्याच्यासाठी. दुसऱ्यावर खळ. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधासारखी पांढरी खळ हळूहळू काचेसारखी व्हायला लागली की चिमूटभर तुरटी. पुस्तकं बांधणारे खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. शेठनी एकदा आईला तसं सुचवलं होतं. आई म्हणाली, "शेठ, ह्यात पेढे बसणार. विष कशाला?" शेठनी मोरचुदाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि एक नियम. आजची खळ आजच. उरली तर संध्याकाळी पातेलं खरवडून मागच्या गल्लीतल्या शेळीला. ती शेळी वेळेवर दारात येऊन उभी राहायची, जेवायला बोलावलेल्या पाहुणीसारखी. मी एकदा म्हटलं, "अगं, झाकून ठेव ना, उद्या लागेल. रोज काय मेलं ते ढवळायचं?" आई म्हणाली, "उद्याची उद्या करू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते ऐकूच येईनासं झालं. आईचा एक हट्ट, सोवळ्यासारखा, एवढंच मला वाटायचं.

मग मी शिकले. म्हणजे फार नाही, पण बोलायला शिकले. लछूशेठनी कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नेला आणि मला सुपरवायझर केलं. त्या वर्षी मीच एका प्रदर्शनातून चमकीचा नमुना आणला. पुठ्ठ्यावर छापायचं आणि वरून प्लास्टिकची पातळ फिल्म दाबून बसवायची. असा लखलखीत खोका की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. मी शेठच्या टेबलावर तो ठेवला आणि म्हटलं, "शेठ, दुनिया कुठे गेली आणि आपण अजून खळ ढवळतोय." शेठनी खोका उलटासुलटा केला, अंगठ्यानं कोपरा दाबला आणि म्हणाले, "सुठो आहे, शालू."

मी खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला. चमकीवर तुपाचे डाग पडत नव्हते, दमट हवेत खोका मऊ पडत नव्हता, आणि मशीनच कोपरे डिंकानं गरम गरम चिकटवत होतं. मिठाईवाले खूश. त्यांची गिऱ्हाइकं खूश. खोका रिकामा झाला तरी बायका टाकत नसत, त्यात सुईदोरा ठेवायच्या. नुसती हौस म्हणून नव्हे, तो खरंच चांगला माल होता. हे मी आजही डिंपलला, शेठच्या नातीला, ऐकवते.

बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. सर्वपित्रीला बराकीच्या पत्र्यावर घास ठेवायचा होता, पळसाची पत्रावळ त्या दिवशी मिळाली नव्हती, आणि माझ्या डोक्यात आलं की बाबांनाही बघू दे लेकीची करामत. मी चमकीच्या खोक्याचं झाकण उलटं ठेवलं, त्यावर खीर, वडा, भाताची मूद. कावळे समोरच्या तारेवर होते. चांगले चार. एक खाली उतरला, झाकणाकडे बघितलं, मान तिरकी केली आणि उडाला. दुसरा तर उतरलाच नाही. अर्धा तास झाला. घासाला कावळा शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हती. शेजारीण म्हणाली, "बाई, कुछ इच्छा बाकी होगी." मी मनात बाबांना सगळं कबूल केलं, अगदी लग्नसुद्धा. कावळा ढिम्म.

शेवटी आई आत गेली आणि एक जुनं साधं झाकण घेऊन आली. मागच्या वर्षीचं, खळीचं, लाल पट्टीचं. घास उचलून त्यात ठेवला. आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच कावळा वडा घेऊन पसार.

"त्याचे डोळे दिपले असतील गं," आई म्हणाली आणि जेवायला बसली.

पुढच्या वर्षी पंधरवड्यात आमच्याकडे एकच स्टोव्ह पेटला. पुठ्ठा घरोघर पाठवायची गरज उरली नव्हती. आई दारात बसली होती, रिकाम्या हातांनी, आणि तिनं मला विचारलं, "मग आता मी काय करू?" मी पर्स खांद्याला लावत होते. म्हटलं, "आता आराम कर की." किती सहज बोलले. तिनं आराम मागितला नव्हता. तिचं काम मी माझ्या हातानं बंद केलं आणि तिला सांगितलं की ही तुझी सोय. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

चमकीची अडचण आधी कळली ती इस्माईलभाईंमुळे. ते कारखान्यातली कतरन न्यायला यायचे. साधी कतरन कागदगिरणीत जायची, तिचा लगदा व्हायचा, लगद्याचा पुन्हा पुठ्ठा. कित्येकदा आपलाच पुठ्ठा आपल्याकडे परत येत असेल. चमकीचा ढीग मात्र इस्माईलभाई पायानं बाजूला सारायचे. "ये नहीं, बेन. ये गलता नहीं." मी म्हणायचे, घेऊन तर जा. ते म्हणायचे, "ले जा के कहाँ डालूं, आप ही बोलो." शेडमागे ढीग वाढत गेला. पावसाळ्यात आजूबाजूला सगळ्यावर शेवाळ चढायचं, ढीग तेवढा नवाकोरा. मी त्यावर ताडपत्री टाकून घेतली. दिसेनासा झाला की नाही? झालं तर मग.

पण मामा आहे ना. आईचा धाकटा भाऊ, अजून पाड्यावर राहतो, अजून भात लावतो. बारवीकडे सहलीला लोक येतात, डबे-खोके आणतात आणि जाताना हात हलवत जातात. मागे एकदा आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. भात पोटरीला आलं होतं. मामानं शेतात काठीला काहीतरी टांगलं होतं आणि ते वाऱ्यावर फिरत उन्हात चकाकत होतं. जवळ जाऊन बघते तर जांभळं झाकण. तो जांभळा आम्ही एकाच दिवाळीला केला होता, रंग मी निवडला होता. कितीतरी वर्षांपूर्वीची ती दिवाळी. वरची अक्षरंही शाबूत.

"शाले, ह्यो तुमचाच ना?" मामा म्हणाला. "नांगराला लागला. पेरला नाय, खत घातला नाय, तरी उगवला बघ."

"मग टांगलंस कशाला?"

"पाखरू फिरकत नाय. भितात त्याला."

आईनं माझ्याकडे बघितलं. बाबांचा घास आम्हा दोघींनाही आठवला होता, हे मला पक्कं माहीत आहे. घरी येईपर्यंत मी रिक्षात बाहेरच बघत बसले.

लछूशेठ गेले. कारखाना त्यांच्या नातीकडे, डिंपलकडे आला. पोरगी हुशार, तोंडाळ, मराठी बोलायला सुरुवात करते आणि हिंदीत संपवते. आल्या आल्या तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'सस्टेनेबिलिटी' लिहिलं. मला तो शब्द गोळ्यांच्या पाकिटावरचा वाटला. मग तिनं शेडमागची ताडपत्री उचलली आणि मला हाक मारली. "शालूताई, ये क्या छुपा के रखा है?" आता काय सांगणार? मी सगळं सांगितलं. ढीग, इस्माईलभाई, जांभळं झाकण, अगदी कावळासुद्धा.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बस. चमकी बंद करूया."

मी भांडले. चमकी मी आणली होती, भांडणार नाही तर काय. तूप पाझरेल, म्हटलं. ती म्हणाली, आत बटर पेपर घालू, मोकळा, चिकटवायचा नाही, म्हणजे पुठ्ठा वेगळा राहतो. छपाई फिकी दिसेल, म्हटलं. दिसू दे, एकाच रंगात करू. पुठ्ठा रद्दीपासून बनलेला, तपकिरी. खोक्याला प्लास्टिकची खिडकी नको. कापायची डाय, म्हणजे साचा, अशी फिरवू की एका झाकणाच्या पोटात दुसरं बसेल, कतरनच कमी. आणि मशीनचा डिंक नको, तो लगद्यात गुठळ्या करतो. "तो फिर चिपकाएंगे किससे, ताई?"

मी उत्तर देणार नव्हते. तोंडून निघून गेलं, "खळीनं."

तेव्हा आई होती. मी घरी येऊन तिला सांगितलं की कारखान्यात खळ परत येतेय. तिला नीट ऐकू यायचं नाही. "कोण परत येतंय?" ती म्हणाली. "खळ गं, खळ." तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले, बोटं हलवली आणि म्हणाली, "आता माझ्याच्यानं ढवळवायचं नाही." मग वैशाखात ती गेली. माझं आणि तिचं जे बोलणं व्हायचं होतं ते राहूनच गेलं. खळ कशी करायची हे मला येतं, असंच मी धरून चालले होते.

तर यंदाचा पंधरवडा. कोपरे चिकटवायला नऊ बायका कामावर घेतल्या, त्यांतल्या दोघी तर अशा की ज्यांच्या आयांनी माझ्या आईबरोबर बराकीत खोके केले होते. दिवाळीचं मोठं काम आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाचं, कल्याणच्या एका मिठाईवाल्यांचं. त्यांनी तपकिरी खोका पसंत केला, तोंड जरा वाकडं करूनच. पहिला माल गेला आणि चौथ्या दिवशी अख्खाच्या अख्खा परत आला. पेढ्याला आंबूस वास येतो म्हणे. मी खोका नाकाशी धरला. येत होता.

मिठाईवाल्यांनी डिंपलला सरळ सांगितलं की सर्वपित्रीच्या आत बिनवासाचा माल द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडून चमकीचा घेतो. डिंपलनं मला केबिनमध्ये बोलावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, ये आर्डर गया तो नऊजणींना मी दिवाळीच्या तोंडावर घरी कशी पाठवू? फिर से चमकी लाना पडेगा." मला पर्स खांद्याला लावून उभी असलेली मी दिसले. मग आता मी काय करू, हा प्रश्न नऊ तोंडांतून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

मी हात धुऊन त्या खळीच्या मागे लागले. तुरटी वाढवली. कडुनिंबाचा पाला उकळून घातला. लवंग घातली, म्हणजे खोक्याला आंबूस आणि लवंग असे दोन वास यायला लागले. आईचं काहीतरी गुपित असणार, एखादी पुडी, एखादं मूळ, पाड्यावरून आणलेलं, आणि ते मी विचारून ठेवलं नाही, असं मला वाटायला लागलं. रविवारी पत्रावळीसाठी पळसाची पानं आणायचं निमित्त काढून मामाकडे गेले.

"खळीत काय घालायची रे आई? आठवतं तुला?"

मामा पानं निवडत होता. "मैदा नायतर पेज. आनि काय घालील?"

"मग आमची आंबते कशी?"

"कधी करतेस?"

"सोमवारी ड्रमभर करून ठेवतो. तीन दिवस पुरते."

मामानं पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा परकर-पोलक्यात गेले. "शाले, तीन दिसांची पेज तू पिशील काय? तुज्या आयेनं येवडा पन शिकवला नाय?"

शिकवलं होतं की. रोज शिकवलं होतं. शेळीसुद्धा शिकली होती, मीच राहिले. ड्रम भरून ठेवायची अक्कल माझीच, रोज काय मेलं ते ढवळायचं, हे माझंच वाक्य. मी मामाच्या पडवीत बसून हसले आणि मग रडले, आणि मामा म्हणाला, "चा घे."

सोमवारी ड्रम विसळून उलटा घातला. सकाळी पातेलंभर खळ, दुपारी लागली तर पुन्हा पातेलंभर, आणि संध्याकाळी पातेली कोरडी. डिंपल म्हणाली, रोजच्या रोज करण्यात वेळ जातो. मी म्हटलं, जाऊ दे. आमच्याकडे शेळी नाही, म्हणून मोजून करावी लागते, एवढाच फरक. नऊजणी पाटावर बसून कोपरे लावत होत्या, आणि त्या शेडमध्ये मला बराक दिसत होती, तोच वास, दारातून येणारं तेच तापलेलं ऊन. सर्वपित्रीच्या तीन दिवस आधी माल गेला. मिठाईवाले म्हणाले, पेढे भरून ठेवतो, वास बघतो, मग सांगतो.

आणि काल सर्वपित्री होती. आईची पहिली.

मामाच्या पळसाच्या पानांची पत्रावळ मी लावून ठेवली होती. तरी ती बाजूला ठेवली आणि पिशवीतून झाकण काढलं, नव्या मालातलं, तपकिरी. कोपऱ्यांना तशाच लाल कागदाच्या पट्ट्या. त्यात खीर, वडा, गवारीची भाजी, आणि तिला आवडायची म्हणून तांदळाची भाकरी. शिरगावात आता कावळे कमी आणि कबुतरं फार. गच्चीच्या कठड्यावर झाकण ठेवून मी टाकीच्या सावलीला उभी राहिले. कुणीच येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

लोक अशा वेळी इच्छा पुरी करायचं कबूल करतात. मी आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, चमकी बंद केली गं. आणि तेव्हा तुला आराम कर म्हटलं, ते चुकलं माझं." एवढंच. यासाठी इतकी वर्षं लागली.

तेवढ्यात फोन वाजला. डिंपल होती. "ताई, ठेवून घेतला त्यांनी माल. बोले, वास बिलकुल नाही. बाकीचा पण खळीचाच पाठवा." मी हो म्हटलं, नऊजणींना आत्ताच्या आत्ता सांग म्हटलं, आणि पाठमोरीच तिच्याशी बोलत राहिले.

वळले तेव्हा कठड्यावर झाकण नव्हतं. ते खाली गच्चीवर पालथं पडलं होतं, वडा गेला होता, भाकरीचा तुकडा गेला होता, खीर फरशीवर सांडली होती. कावळा होता की कबुतर, मी पाहिलं नाही. टाकीवरून काहीतरी काळं उडालं एवढं खरं. मी खाली वाकले, झाकण डाव्या हातात घेतलं आणि उजवा अंगठा आपोआप आत गेला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. कठड्यावरून पडलं होतं, चोचीनं ओढलं होतं. चौथाही दाबून बघितला. कुठेच उकलला नव्हता.

"सुठो आहे, आई," मी म्हटलं.